पट्टीच्या दोन बुद्धिबळपटूंशी एकाच वेळी कसं खेळावं

ब्रिटिश मेंटालिस्ट (मन वाचण्याचे खेळ दाखवणारा) डेरेन ब्राउन टीव्हीवर एकाच वेळी नऊ तगड्या खेळाडूंशी खेळला होता, त्यांत ग्रँडमास्टरही होते. ते बघून लोक ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांची, पुस्तकं पाठ करायला बसतात. त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. आठ जणांच्या त्याने चार जोड्या लावल्या होत्या. एकाची खेळी तो जोडीदाराच्या पटावर करायचा, त्याचं उत्तर परत आणायचा. म्हणजे ते आठ जण नकळत एकमेकांशीच खेळत होते. खरा डाव फक्त नवव्याशी, सर्वांत कच्च्या खेळाडूशी.

तुम्ही एका जोडीपासून सुरुवात करा. पहिल्याला पांढरे मोहरे द्या, दुसऱ्याला काळे. दोघांना एकमेकांचा पट दिसू नये इतकं अंतर ठेवा. घड्याळ नको. पहिली खेळी पांढऱ्याची, म्हणून त्याच्याकडे आधी जा, ती बघा, उत्तर न देता पुढे सरका आणि दुसऱ्या पटावर तीच खेळी करा. त्याचं उत्तर घेऊन परत या.

आता अवघड भाग. ‘खेळी लक्षात ठेवायची, त्यात काय’ असं सांगणाऱ्याने हा प्रयोग कधी केलेला नसतो. पहिल्या पटावर तुम्ही काळ्यांच्या बाजूला असता, दुसऱ्यावर पांढऱ्यांच्या. म्हणजे चित्र पूर्ण उलटं होतं, डावं-उजवंसुद्धा. समोरच्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, तर ते तुम्हाला डावीकडून चौथं दिसतं. दुसऱ्या पटावर तुमच्या डावीकडून चौथं प्यादं वजिराचं असतं. सोसायटीच्या हॉलमध्ये मी नेमकं तेच ढकललं. काळ्याने वजिराचं प्यादं पुढे केलं, ते मी इमानदारीत पहिल्या पटावर आणलं आणि तिथे त्याने ते मारलं. ती खेळी घेऊन दुसऱ्या पटापाशी आलो, तर मारणारं प्यादं त्या घरात नव्हतंच. तिसऱ्याच खेळीला सगळं संपलं.

म्हणून चित्र लक्षात ठेवू नका, आकडे ठेवा. ए ते एच या उभ्या पट्ट्यांना 1 ते 8 म्हणा, आडव्या ओळींना आकडे आहेतच. ई 2 म्हणजे 52, ई 4 म्हणजे 54. टपालाने खेळले जाणारे आंतरराष्ट्रीय डाव याच पद्धतीने लिहीत. मराठीत तर ती जिभेवर बसते, कारण आपल्याकडे प्रत्येक घराला एकच शब्द मिळतो: ‘बावन्न चोपन्न’. उत्तर आलं ‘सत्तावन्न पंचावन्न’. घोडा निघाला ‘एकाहत्तर त्रेसष्ट’. पटावर नऊ नाही की शून्य नाही, त्यामुळे एकोणतीस-एकोणचाळीसचा घोळ होतच नाही. मात्र त्रेचाळीस आणि त्रेपन्न जपून म्हणा. शेजारची घरं आहेत आणि घाईत हमखास चुकतात.

मोहऱ्याचं नाव लक्षात ठेवू नका. ‘घोडा डी 2’ म्हटलं आणि दोन्ही घोडे तिथे जाऊ शकत असले तर अडकाल. कुठून-कुठे एवढंच पुरतं. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) असेल तर राजाचे आकडे म्हणा, ‘एक्कावन्न एकाहत्तर’, हत्ती आपोआप आठवतो.

सराव काळ्यांच्या बाजूने करा. तिकडून घरांची नावं पटकन येत नाहीत, पांढऱ्यांकडून सगळ्यांनाच येतात. आईने बोट ठेवायचं, मी आकडा सांगायचा, असे आम्ही रोज दहा मिनिटं बसायचो. तीन आठवड्यांत अडखळणं थांबलं. आणि कडेला अक्षरं-आकडे छापलेला पट बिनधास्त वापरा. त्यात कमीपणा मानणारे लोकच भर कार्यक्रमात चुकतात.

दोन जोड्यांच्या पुढे वर्षभर तरी जाऊ नका. चार पट झाले की दोन खेळ्या एकदम डोक्यात वाहाव्या लागतात. तेव्हा आकडे माणसाला चिकटवा: चष्मेवाले काका, बावन्न चोपन्न.

वाटेत कोणी गप्पा मारायला थांबवलं तर थांबू नका, आधी खेळी पोचवा.

एका जोडीतून तुम्हाला बरोबर एक गुण मिळतो: एक विजय नि एक हार, किंवा दोन बरोबऱ्या. बरोबरीचा प्रस्ताव आला तर तोही जोडीदाराकडे न्यायचा, स्वतः उत्तर द्यायचं नाही. एकाने डाव सोडला की त्याच्याशी हात मिळवा, दुसऱ्या पटापाशी जा, मिनिटभर पट बघा आणि तिथे तुम्ही डाव सोडा.