‘एकट्यानं जिंकवलं’ हा दावा कसा तपासावा

सुपरस्टारनं एनबीएचं (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) अजिंक्यपद एकट्याच्या जिवावर मिळवलं की जोडीला दुसरा तारा होता, हे पाहायला बहुतेक जण त्या वर्षाची ऑल-स्टार यादी (मोसमातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंची) उघडतात. उघडा, पण निकाल तिथेच लावू नका. ही निवड मोसमाच्या मध्यावर होते, फायनल असते जूनमध्ये. 1991 च्या यादीत शिकागो बुल्सचा एकटा मायकल जॉर्डन आहे, स्कॉटी पिपेन नाही. आता लेकर्सविरुद्धच्या फायनलचा शेवटचा, पाचवा सामना काढा: जॉर्डन 30 गुण, पिपेन 32. मिलवॉकीचं 2021 तसंच. यादीत फक्त यानिस आंटेटोकुन्पो, पण ख्रिस मिडलटन आधीची दोन वर्षं ऑल-स्टार होता आणि पुढच्या वर्षीही झाला. म्हणून मागची-पुढची दोन-दोन वर्षं बघायचीच.

मग मिनिटं मोजा. सामना 48 मिनिटांचा आणि मैदानावर पाच जण, म्हणजे एकूण 240. तारा 40 मिनिटं खेळला तरी त्यातला सहावा हिस्सा. तो बाकावर असतो त्या 8 मिनिटांत आघाडी वाढते की वितळते, ते प्लस-मायनसच्या (खेळाडू मैदानावर असताना दोन संघांच्या गुणांत पडलेला फरक) रकान्यावरून कळतं: सामन्याच्या एकूण फरकातून ताऱ्याचा आकडा वजा करा. एका सामन्याच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. शेजारी कोण खेळत होतं यावरही तो हलतो. अख्ख्या मालिकेची बेरीज करा.

खरी कसोटी पुढची. ताऱ्याचा बॉल बास्केटमध्ये जात नव्हता तो सामना शोधा, आणि तरीही संघ जिंकला असेल तर गुण कुणी केले ते लिहून काढा. 2011 चा डॅलस संघ ‘एकटा’ म्हणून नेहमी पुढे केला जातो, कारण ऑल-स्टार फक्त डर्क नोविट्स्की. मायामीविरुद्धच्या फायनलच्या सहाव्या सामन्यात पहिल्या हाफमध्ये त्याचे 12 पैकी 11 शॉट चुकले. डॅलस तरीही 53-51 असं पुढे होतं. बाकावरून येणाऱ्या जेसन टेरीनं तोवर 19 गुण केले होते, सामनाभरात 27. टेरी कधीच ऑल-स्टार झाला नाही, पण शॉट स्वतःचा स्वतः तयार करायचा. दुसऱ्या माणसाकडून हवं असतं ते हेच. नाव मोठं असणं नंतरचं.

तोच तारा, पण जोडीदार गायब, असं वर्ष सापडलं तर सोनं. डेन्व्हरचा निकोला योकिच 2021 आणि 2022, दोन्ही वर्षी एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू). एप्रिल 2021 मध्ये त्याचा जोडीदार जमाल मरेचा गुडघा गेला आणि डेन्व्हर त्या वर्षी दुसऱ्या फेरीत फिनिक्सकडून 4-0 हरलं, पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटकडून 4-1. मरे परतला आणि 2023 ला अजिंक्यपद आलं. फायनलच्या तिसऱ्या सामन्यात योकिचचे 32 गुण, 21 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), 10 असिस्ट (गुण मिळवून देणारे पास). मरेचे 34, 10, 10. हिशेब इथे फसतो तो असा: 2022 मध्ये डेन्व्हरचा मायकल पोर्टर ज्युनियरही बाहेर होता. त्या पराभवाचं सगळं माप मरेच्या गैरहजेरीवर टाकू नका, 2021 जास्त स्वच्छ पुरावा आहे.

या चाळणीतून वर राहतो तो 1994 चा ह्यूस्टन. हकीम ओलाजुवॉन एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू आणि फायनलचा एमव्हीपी, तिन्ही एकाच मोसमात. दोन वर्षांच्या नियमानं ओटिस थॉर्प सापडेल (ऑल-स्टार 1992), पण तो रिबाउंड घेणारा, दुसऱ्याच्या पासवर गुण करणारा. तरी ‘एकटा’ म्हणताना थांबा. हकीमवर दोघे धावले की कुणीतरी मोकळा राहतो, आणि ह्यूस्टननं थ्री-पॉइंट रेषेवर केनी स्मिथ, व्हर्नन मॅक्सवेल, रॉबर्ट हॉरी उभे केले होते. तारे नव्हते, नेमबाज होते. नेमबाज नसते तर डबल टीमची (एकावर दोघे धावण्याची) शिक्षा प्रतिस्पर्ध्याला झालीच नसती.

आणि ह्यूस्टननं पुढे काय केलं? फेब्रुवारी 1995 मध्ये थॉर्पला देऊन क्लाइड ड्रेक्सलर हा दुसरा तारा आणला, सहाव्या मानांकनावरून फायनल गाठली आणि ऑर्लँडोला 4-0 हरवलं.