ऑफिसचे नेटवर्क मंद झाले, तर दोष कसा शोधावा

सोलापुरात नवी पेठेतील कर सल्लागाराचे ऑफिस असो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलचा कारखाना असो किंवा एखादी पतसंस्था असो, तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते : "नेट स्लो झाले आहे." त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात. राउटर बंद करून चालू करा, मोठा प्लॅन घ्या, नाहीतर सर्व्हर फॉरमॅट करा. हे सल्ले देणाऱ्याने काहीही मोजलेले नसते, म्हणून ते मला मान्य नाहीत. शेजारच्या खोलीतील सर्व्हरवरून (सर्वांच्या फाइल्स ठेवणारे सामाईक मशीन) टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममधील कंपनीचा डेटा उघडायला वेळ लागत असेल, तर ती माहिती इमारतीच्या बाहेर जातच नाही. इंटरनेटचा वेग दुप्पट केला तरी तिथे तसूभरही फरक पडणार नाही. संथपणा नेमका कोणत्या टप्प्यात आहे हे आकड्यांनी ठरेपर्यंत काहीही बदलू नये आणि काहीही विकत घेऊ नये, हा या कामातला माझा पहिला आग्रह आहे.

राउटर, स्विच (ऑफिसमधल्या मशीनच्या केबल जिथे एकत्र जोडल्या जातात तो डबा) आणि सर्व्हर यांचे ॲडमिन पासवर्ड हाताशी आहेत आणि बॅकअप एकदा परत उतरवून तपासलेला आहे, असे मी गृहीत धरतो. तसा तपासलेला नसेल, तर आजचे काम तेवढेच.

तक्रार नीट लिहून घ्यावी

कोणाचे मशीन, कोणता प्रोग्राम, किती वाजता, केबलवर की वाय-फायवर, आणि शेजारच्या टेबलावरही तसेच होते का, एवढे विचारावे. मशीन वाय-फायवर असेल, तर आधी केबल लावून तीच गोष्ट करून पाहावी.

तीन पिंग

पिंग म्हणजे दुसऱ्या मशीनला छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येते ते मोजणारी आज्ञा. आधी राउटरच्या पत्त्याला, मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग द्यावा. केबलवरून राउटरचे उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवे. तिथेच वेळ लागत असेल किंवा उत्तरे गळत असतील, तर दोष ऑफिसच्या आत आहे. राउटर ठीक आणि बाहेरचा पत्ता मंद असेल, तर इंटरनेटची लाइन तपासावी. आकड्यांचा पत्ता लगेच उत्तर देतो पण नाव टाकल्यावर बराच वेळ काहीच होत नाही, असे असेल तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकड्यांचा पत्ता सांगणारी सेवा, पाहावी. जिथे विंडोज डोमेन आहे, म्हणजे सर्वांचे लॉगिन डोमेन कंट्रोलर नावाचा एक सर्व्हर तपासतो, तिथे प्रत्येक मशीनच्या डीएनएसमध्ये फक्त डोमेन कंट्रोलरचेच पत्ते असावेत. दुसऱ्या जागी "असू द्या, अडीनडीला" म्हणून बाहेरचा डीएनएस भरण्याची सवय मोडायला हवी, कारण त्या बाहेरच्या डीएनएसला ऑफिसच्या सर्व्हरचे नाव ठाऊकच नसते आणि मग लॉगिन अधूनमधून रखडते.

याच वेळी विंडोजच्या आयपीकॉन्फिग या आज्ञेने गेटवे (बाहेर जाण्याचा राउटर) आणि डीएचसीपी सर्व्हर (मशीनना पत्ते वाटणारा) यांचे पत्तेही पाहून घ्यावेत. ते अनोळखी असतील, तर कोणीतरी घरचा वाय-फाय राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावला आहे आणि तोही पत्ते वाटत सुटला आहे. तो काढावा. स्विचवरचे सगळे दिवे एकाच लयीत पिसाटल्यासारखे लुकलुकत असतील आणि सारे ऑफिसच ठप्प असेल, तर एकाच केबलची दोन्ही टोके स्विचमध्ये गेली आहेत का ते शोधावे.

इथवरचे काम अर्ध्या तासाचे आहे.

पिंग स्वच्छ, तरी फाइल हलत नाही

मला या कामात सर्वांत जास्त छळले ते या टप्प्याने. पिंग निर्दोष असतो, इंटरनेट ठीक चालते, सर्व्हरवर कसलाही ताण दिसत नाही आणि तरीही मोठी फाइल सर्व्हरवर टाकायला घेतली की ती रांगते. अशा वेळी बहुतेक जण नेटवर्कला निर्दोष ठरवून सर्व्हरवर घसरतात. नेटवर्कवर माहिती पाकिटांच्या तुकड्यांत जाते आणि पिंगचे पाकीट डोळ्यांत न भरण्याइतके छोटे असते. विंडोजमध्ये त्यात अवघे ३२ बाइट असतात. तेवढे पाकीट सदोष केबलवरूनही सुखरूप पार होते. मोठी पाकिटे एकामागून एक धावू लागली, की मगच त्यातली काही फुटतात, ती पुन्हा पाठवावी लागतात आणि प्रत्येक गळतीबरोबर पाठवणारे मशीन आपला वेग आणखी कमी करते. म्हणून छोट्या पिंगवर विसंबून केबलला कधीही प्रमाणपत्र देऊ नये.

सुरुवात लिंकच्या वेगापासून करावी. विंडोजच्या नेटवर्क ॲडॅप्टरच्या स्टेटसमध्ये १ गिगाबिट दिसते की १०० मेगाबिट, ते पाहावे. केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला त्या चारही लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे एखादी तार तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही, की अनेक नेटवर्क कार्डे कसलीही सूचना न देता १०० वर उतरतात. फाइल कॉपी होताना दिसणारा वेग बाइटमध्ये असतो आणि लिंकचा वेग बिटमध्ये, हेही ध्यानात ठेवावे. १०० मेगाबिटच्या लिंकवर सेकंदाला सुमारे ११ मेगाबाइट, गिगाबिटवर सुमारे ११० मेगाबाइट हा निरोगी आकडा आहे. वेग ११ वर स्थिर असेल, तर लिंक १०० वर अडकली आहे. तो एक-दोनवर घुटमळत असेल किंवा सारखा वरखाली होत असेल, तर पाकिटे गळत आहेत.

त्यानंतर कार्डाच्या सेटिंगमधील 'स्पीड अँड डुप्लेक्स' हा पर्याय उघडावा. तिथे 'ऑटो'ऐवजी '१०० फुल डुप्लेक्स' निवडलेले सापडले, तर बहुधा दोषी हातात आला. "फिक्स केले की लिंक स्थिर राहते" हा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो चुकीचा आहे. एका टोकाला वेग असा पक्का केला, की ते टोक पलीकडच्याशी वेग ठरवण्याच्या वाटाघाटी बंद करते. पलीकडच्या स्विचला वेग कळतो, पण दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलता येईल की नाही हे कळत नाही, आणि मानकानुसार तो हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचे, असे गृहीत धरतो. मग एक जण दुसऱ्याचे ऐकत असतानाच बोलत राहतो, दुसरा त्याला टक्कर समजतो, आणि वाहतूक वाढली की वेग कोसळतो. दोन्ही टोके ऑटोवर ठेवावीत. तांब्याच्या केबलवरील गिगाबिटमध्ये ऑटो-निगोशिएशन, म्हणजे याच वाटाघाटी, हा मानकाचाच भाग आहे, त्यामुळे ते बंद करण्याचे काही कारणच उरत नाही.

सेटिंग ठीक असेल, तर प्लग हातात घ्यावा. क्लिप खाली आणि केबल आपल्याकडे येईल असा तो धरला, की डावीकडून क्रम असा हवा : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हा टी-५६८-बी क्रम. तिसऱ्या जागी पांढरी-हिरवी आणि सहाव्या जागी हिरवी, ही जोडी मध्ये निळ्या जोडीला घेऊन बसते आणि नेमकी हीच गोष्ट घाईत क्रिम्पिंग (तारा प्लगमध्ये दाबून बसवणे) करणारा टाळतो. तो रंगांच्या जोड्या सरळ ओळीने बसवतो, दोन्ही टोके सारखीच करतो आणि स्वस्त लॅन टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमाने लागले, की केबल पास करून निघून जातो. टेस्टर फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचली का, एवढेच सांगतो. तिसरी आणि सहावी पिन मिळून एकच सिग्नल वाहतात. त्यांच्या तारा एकमेकींना पिळलेल्या असतील, तरच बाहेरचा विद्युत गोंगाट दोघींवर सारखा पडून रद्द होतो. सरळ ओळीत बसवल्यावर तिसरीची तार हिरव्या जोडीतली आणि सहावीची निळ्या जोडीतली होते, पीळ असूनही निरुपयोगी ठरतो आणि शेजारच्या जोड्यांतले सिग्नल एकमेकांत शिरतात. दोन-तीन मीटरच्या पॅच कॉर्डमध्ये (जोडणीची छोटी केबल) हे खपून जाते. भिंतीतून गेलेल्या ४०-५० मीटरच्या केबलमध्ये ते खपत नाही. पारदर्शक प्लगमधून टॉर्चच्या उजेडात रंग पाहायला एक मिनिट लागते आणि ते मिनिट मी कुठल्याही ठिकाणी वाचवत नाही.

यंत्रमाग असलेल्या जागी तपासणीची वेळही महत्त्वाची असते. एका कारखान्यात रात्रभर चालवलेली चाचणी निर्मळ निघाली होती, कारण रात्री माग बंद होते. दिवसा माग सुरू झाले की लेखा विभागाची मशीन्स रखडत. नेटवर्कची केबल मोटारींच्या वीजवाहिन्यांबरोबर एकाच ट्रेमधून नेलेली होती आणि तिचा प्लग वर सांगितला तसाच सरळ ओळीत भरलेला होता. त्याआधी तिथे सर्व्हर बदलून झाला होता. तेव्हा तक्रार ज्या वेळी येते त्याच वेळी, यंत्रे चालू असताना मोजावे, आणि नेटवर्कची केबल विजेच्या केबलपासून वेगळ्या मार्गानेच न्यावी.

केबलची प्रतही सोलून पाहावी. तार खरवडल्यावर आत पांढरट धातू दिसला, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल आहे. तिचा विद्युतरोध जास्त असतो, ती वाकवली की तुटते आणि कॅट-५-ई किंवा कॅट-६ या नेटवर्क केबलच्या मानकांत ती बसतच नाही. स्वस्त मिळते म्हणून ती घेऊ नका, आणि आधीच टाकलेली असेल तर किमान सर्व्हरकडे जाणारी ओळ तरी बदला. ऑफिसपासून शेडपर्यंतचे अंतर १०० मीटरपेक्षा जास्त असेल, तर तांबे सोडून फायबर टाकावे. दोन वेगळ्या इमारतींमध्ये अंतर कमी असले तरी मी फायबरच टाकतो. दोन्हीकडचे अर्थिंग सारखे नसते, वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की तांब्याच्या केबलवरून झटका थेट स्विचपर्यंत येतो आणि पोर्ट जळतात. काचेतून वीज वाहत नाही.

आता खरे मोजमाप. आयपर्फ-३ हे मोफत साधन सर्व्हरवर आणि तक्रार असलेल्या मशीनवर घ्यावे, फायरवॉलमध्ये ५२०१ क्रमांकाचा पोर्ट तात्पुरता उघडावा आणि एक मिनिटाची चाचणी दोन्ही दिशांनी चालवावी. फाइल कॉपी करून वेग पाहण्यात केबल, डिस्क आणि अँटिव्हायरस या तिघांचे दोष एकत्र मिसळतात. आयपर्फ डिस्कला हातच लावत नाही, म्हणून त्याचा आकडा फक्त नेटवर्कचा असतो. गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला, तर केबल निर्दोष आहे. एका दिशेने चांगला आणि दुसऱ्या दिशेने अगदीच कमी आला, तर डुप्लेक्स किंवा प्लग यांवर संशय घ्यावा. मॅनेज्ड स्विच (लॉगिन करून आतले आकडे पाहता येतात असा) असेल, तर त्या पोर्टचे सीआरसी एररचे, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पाकिटांचे, आकडे शून्य करून चाचणी पुन्हा चालवावी. जुन्या आकड्याला अर्थ नाही, चाचणी चालू असताना तो वाढतो का, एवढेच महत्त्वाचे. साधा स्विच असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदलत जावे : आधी पॅच कॉर्ड, मग स्विचचा पोर्ट, मग भिंतीतली केबल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि सुधारणा झाली, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही आणि काढून ठेवलेली सदोष पॅच कॉर्ड काही महिन्यांनी दुसऱ्याच टेबलावर पोहोचते.

सर्व्हरकडे केव्हा वळावे

आयपर्फचा आकडा चांगला आला, तरच सर्व्हरकडे वळावे, आणि तो रीस्टार्ट करण्याआधी पाहावा. रीस्टार्टने मेमरी कोणी खाल्ली आणि कोणत्या फाइल्स उघड्या होत्या, हा पुरावा पुसला जातो. शिवाय एखादी डिस्क आधीच शेवटच्या घटका मोजत असेल, तर सर्व्हर पुन्हा उठेलच याची खात्री नसते.

रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्क सतत १०० टक्के व्यस्त दिसते का आणि प्रतिसादाचा वेळ किती आहे, ते पाहावे. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये डिस्कच्या नावाने ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी असतील, तर बाकी सारे थांबवून आधी बॅकअप घ्यावा आणि डिस्क बदलावी. रेड असलेल्या (अनेक डिस्क एकत्र जोडून एक बाद झाली तरी चालणाऱ्या) सर्व्हरमध्ये कधी एखादी डिस्क बाद झालेली असते आणि कंट्रोलरचा भोंगा कोणीतरी बंद करून ठेवलेला असतो. डिस्कची स्थिती कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन पाहावी. तिथेच कॅशची (कंट्रोलरमधल्या तात्पुरत्या साठ्याची) बॅटरीही तपासावी, कारण ती निकामी झाली की अनेक कंट्रोलर सुरक्षिततेसाठी लिहिण्याची कॅश बंद करतात. सर्व्हर चालू राहतो, पण प्रत्येक नोंद साठवायला वेळ लागतो.

बॅकअप आणि अँटिव्हायरसचे पूर्ण स्कॅन ऑफिसच्या वेळेत लावलेले असेल, तर ते रात्री न्यावे. अँटिव्हायरस बंद करू नये. टॅलीचे डेटा फोल्डर तेवढे त्याच्या तात्काळ तपासणीतून वगळावे.

संथपणा फक्त दुपारी असेल, तर आधी तापमान पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४० अंशांच्या वर जातो आणि सर्व्हर मात्र यूपीएसशेजारी बंद कपाटात ठेवलेला असतो. गरम झालेला प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात सुताचे बारीक तंतू पंख्यात आणि हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) नमदा धरून बसतात. सर्व्हर बंद करून, पंख्याचे पाते बोटाने धरून, ते ब्लोअरने काढावेत.

इंटरनेट शेवटी

बाकी सगळी उपकरणे राउटरपासून काढून एकच लॅपटॉप केबलने राउटरला लावावा आणि वेग मोजावा. तो ठरल्याप्रमाणे आला, तर ऑफिसमधलेच कोणीतरी लाइन भरते आहे. बहुतेकदा अपलोड भरलेला असतो : बाहेर चित्रण पाठवणारे कॅमेरे किंवा फोटोंचा बॅकअप घेणारे मोबाइल. अपलोड तुंबला की डाउनलोडच्या पोचपावत्याही अडकतात आणि सगळेच मंद होते. राउटरमध्ये अशा उपकरणांना मर्यादा घालावी. लॅपटॉपवरही वेग कमीच आला, तर ट्रेसर्टचा (पाकिटाच्या वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवणारी आज्ञा) निकाल वेळेसह जपून ठेवून सेवा देणाऱ्याला फोन करावा.

दुरुस्ती झाल्यावर तीच चाचणी त्याच दोन मशीनमध्ये पुन्हा चालवावी, केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक चिकटवावा आणि तारीख, पोर्ट, आधीचा आकडा व नंतरचा आकडा रॅकच्या दारामागे लावलेल्या कागदावर लिहून ठेवावा.