बाळाला आंघोळ किती वेळा आणि कशी घालावी?

जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर लसीकरण चालू होतं. दहा आठवड्यांचं लेकरू घेऊन एक बाळंतीण समोर बसली. "ताई, ह्याच्या पायाची सालटी निघायलीत," म्हणत तिनं झबलं वर केलं. नडग्यांवरची कातडी माशाच्या खवल्यांसारखी फुटलेली, गुडघ्यामागं लाल चट्टे. महिना जानेवारीचा. विचारत गेले तसं कळलं, की आंघोळ सकाळ-संध्याकाळ दोनदा, पाणी बोअरचं आणि कढत, साबण घरातल्या सगळ्यांचा तोच आणि वर डाळीच्या पिठाचं चोळणं. त्या बाळाची कुणी हेळसांड करत नव्हतं. उलट आजी, आई, आत्या अशा तिघीजणी त्याच्या आंघोळीमागं होत्या.

मी तिला सांगितलं, आंघोळ एकदाच घाला आणि तीही थंडी आहे तोवर दिवसाआड. पाणी कोमट, वेळ पाच मिनिटं, पीठ बंद, आणि अंग थोडं ओलसर असतानाच खोबरेल लावा. चौदा आठवड्यांच्या डोसला ती आली तेव्हा पाय मऊ झाले होते.

आरोग्यसेविका म्हणून सांगली जिल्ह्यात फिरताना मला आंघोळ न घातलेली बाळं फार थोडी दिसली. फार वेळ, फार कढत पाण्यानं, फार चोळून घातलेली मात्र घरोघरी दिसली. म्हणून "किती वेळा?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, "कशी घालता?"

पहिला दिवस

जन्मल्या जन्मल्या आंघोळ नको. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाची पहिली आंघोळ किमान २४ तास पुढं ढकलावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ पोटात ३७ अंशांच्या उबेत असतं. बाहेर आल्यावर ओल्या अंगाने ते बघता बघता गार पडतं, आणि गार पडलेलं बाळ नीट दूध ओढत नाही. अंगावरचा लोण्यासारखा पांढरा थर बघून म्हातारी माणसं म्हणतात, "घाण आहे, पुसून काढा." ती घाण नव्हे. तो थर कातडीला मऊ ठेवतो आणि जंतूंपासून जपतो. रक्त लागलं असेल तेवढं कोरड्या कापडानं टिपायचं आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी द्यायचं.

नाळ पडेपर्यंत

नाळ साधारण पाच ते पंधरा दिवसांत पडते. तोवर पुसून काढणं पुरे. जुन्या सुती साडीचं धुतलेलं मऊ फडकं कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं. आधी डोळे, आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला, प्रत्येक डोळ्याला फडक्याचं वेगळं टोक. मग तोंड, गळा, काखा, जांघा आणि शेवटी शू-शीची जागा. मुलीला नेहमी पुढून मागं पुसायचं. मुलाच्या शिश्नाची कातडी मागं ओढायची नाही. सगळं अंग एकदम उघडं करू नका. एक भाग पुसला की तो झाकायचा, मग पुढचा.

नाळेला काही लावायचं नाही. हळद नाही, राख नाही, तेल नाही. सांगलीची हळद देशभर जाते, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि आपल्या घरात जखमेवर हात आधी तिच्याकडंच जातो. पण बाळाच्या ओल्या नाळेवर ती नको. नाळ कोरडी राहिली की आपोआप गळते. भोवती लाली पसरली, पू आला किंवा घाण वास आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना नाळ उघडून दाखवा.

बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर नाळ पडली तरी घाई करू नका. अंग पुसणं चालू ठेवायचं आणि आंघोळ कधी सुरू करायची ते डॉक्टरांना विचारायचं.

मग रोज की दिवसाआड?

पहिल्या वर्षात आठवड्यातून तीन आंघोळी बाळाला पुरतात. ते चिखलात खेळत नाही, त्याला मोठ्यांसारखा घामाचा वास येत नाही. पण पुस्तकातला हा आकडा आपल्या हवेला लावून बघावा लागतो.

एप्रिल-मे महिन्यात सांगली, तासगाव, आटपाडी, म्हसवड या भागात पत्र्याच्या घरात बाळ घामानं निथळतं, गळ्यावर-पाठीवर घामोळ्या येतात. तिथं रोज आंघोळ घाला. संध्याकाळी हवं तर नुसत्या पाण्यानं पुन्हा अंग पुसून घ्या. तेच बाळ महाबळेश्वरला किंवा पाटणच्या डोंगरात डिसेंबरात असेल, तर दिवसाआड किंवा आठवड्यातून दोनदाही चालतं. पावसाळ्यात जावळीकडं आठवडा आठवडा ऊन पडत नाही, दुपटी वाळत नाहीत. तिथं बाळाला ओलं करण्यापेक्षा कोरडं राखणं हेच मोठं काम. आंघोळ दिवसाआड करा, पण घड्यांमध्ये ओल राहू देऊ नका.

ज्या दिवशी आंघोळ नाही त्या दिवशीही तीन जागा धुवायच्याच. तोंड-गळा, हात आणि लंगोटाची जागा. गळ्याची घडी तर रोज उघडून बघा. गुटगुटीत बाळाला मानच दिसत नाही. दूध ओघळून त्या घडीत जातं, दह्यासारखं साठतं, आंबूस वास येतो आणि खाली कातडी लालभडक झालेली असते. आंघोळ रोज होऊनही हे राहून जातं, कारण पाणी वरून वाहून जातं. हनुवटी हलकेच वर करून, ओल्या फडक्यानं घडी पुसून, मग कोरड्यानं टिपायची.

आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याचंही सांगते. बादलीच्या कडेला पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे. त्यात साबण नीट धुऊन निघत नाही आणि कातडी कोरडी पडते. अशा घरात साबण आणखी कमी वापरा आणि जमलं तर शेवटचा तांब्या नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या स्वच्छ पाण्याचा घ्या. कृष्णेला पूर येऊन गेल्यावर पाणी गढूळ येत असेल तेव्हा तान्ह्यासाठी उकळून कोमट केलेलं पाणीच वापरा.

आंघोळ घालताना

वेळ दूध पाजल्यावर लगेचची नको, भुकेलीही नको. थंडीत सकाळी सहाची आंघोळ कशाला? ऊन वर येऊ द्या, दहा-अकराला घाला. दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून आधी सगळं हाताशी मांडून ठेवा. टॉवेल, दुपटं, झबलं, लंगोट, तेल. अर्ध्यावर काही आणायला उठावं लागलं तर ओलं बाळ बरोबर उचलून न्यायचं. बोटभर पाण्यातही बाळ बुडतं, म्हणून त्याला टबात, घंगाळात किंवा भरल्या बादलीजवळ क्षणभरही एकटं सोडायचं नाही.

आता विसण. आमची आजी न्हाणीत बसली की आधी घंगाळात गार पाणी ओतायची, मग बंबातलं कढत पाणी तांब्या तांब्यानं त्यात सोडायची आणि हातानं तळापासून ढवळायची. हा क्रम फार मोलाचा आहे. आधी गार, मग गरम. उलटं केलं आणि मध्येच कुणी हाक मारली, तर कढत पाण्याचं भांडं बाळाशेजारी तसंच राहतं. ६० अंशांच्या पाण्यानं मोठ्या माणसाची कातडीही काही सेकंदांत भाजते. बाळाची तर कितीतरी पातळ. पाणी तळहातानं बघू नका, रोजच्या कामानं तो निबर झालेला असतो. कोपर किंवा मनगटाची आतली बाजू बुडवा. ना गरम ना गार असं लागलं पाहिजे, म्हणजे ३७-३८ अंश. हीटरची कांडी लावत असाल तर बटण बंद करून, कांडी बाहेर काढून, मगच बाळाला न्हाणीत आणा. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू ठेवून तर कधीच नाही. त्यातून विषारी वायू साठतो आणि त्याला वासही नसतो.

पाटावर बसून पाय लांब करून त्यावर बाळाला घ्यायची आपली पद्धत चांगली आहे. बाळ घट्ट धरलेलं राहतं, पाणी वाहून जातं. पालथं घेताना तेवढं नाक-तोंड मोकळं आहे ना ते बघा. तोंडावर धार सोडू नका, तोंड फडक्यानं पुसा. अंगावर पाणी घेऊन घड्या धुवा. साबण लावायचाच तर काखा, जांघा आणि हाता-पायांना, तोही बाळाचा सौम्य आणि बिनवासाचा. केस आठवड्यातून एक-दोनदा धुवा, तेही अगदी शेवटी, कारण डोकं ओलं झालं की बाळ सगळ्यात लवकर गार पडतं. टाळू हलक्या हातानं धुतली तर काही होत नाही. तिथं तेल थापून ठेवलं तर मात्र खपल्या धरतात. धरल्याच तर तेल लावून अर्ध्या तासानं मऊ फडक्यानं पुसायच्या, नखानं काढायच्या नाहीत.

पाच ते दहा मिनिटांत हे आटपलं पाहिजे. मग टॉवेलमध्ये गुंडाळून टिपून घ्या. घासू नका. कानामागं, काखेत, बोटांच्या बेचक्यांत ओल राहते, तिथं बघा.

मावशींना काय सांगायचं

बऱ्याच घरी बाळाला न्हाऊ घालायला मावशी येतात. त्यांचा हात सरावाचा असतो, बाळंतिणीला त्यांचा मोठा आधार असतो. पण काही गोष्टी पहिल्याच दिवशी, आंघोळ सुरू होण्याआधी, आजीनं किंवा बाळाच्या बापानं स्पष्ट बोलाव्यात. "मावशी, छाती पिळायची नाही, नाक ओढायचं नाही, कानात-नाकात तेल घालायचं नाही." नव्या बाळाची छाती आईच्या संप्रेरकांमुळं सुजते, कधी थेंबभर दूधही येतं. ते आपोआप जातं, पिळलं तर गळू होतं. लव काढायला पीठ आणि हळद चोळू नका, ती काही महिन्यांत आपसूक गळते. मालिश करायचं तर आंघोळीआधी, साध्या खोबरेलानं, हलक्या हातानं.

धुरीचं सांगताना मला वाईट वाटतं, कारण ओवा-वावडिंगाचा तो वास आपल्या सगळ्यांच्या लहानपणाचा आहे. पण कोंदट खोलीतला धूर त्या इवल्या फुप्फुसांना सोसत नाही. शेक हवा तर बाळाला गरम दुपट्यात आईच्या कुशीत द्या. काजळात शिसं असू शकतं, म्हणून डोळ्यात नको. तिटेची हौस असेल तर तळपायाला लावा. पावडरही नको, ती श्वासातून आत जाते.

ताप, सर्दी, लस

लस टोचल्याच्या दिवशी आंघोळ चालते, फक्त टोचलेली जागा चोळायची नाही. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन फुटतो. त्याला पाणी लागलं तरी चालतं, मलम लावायचं नाही. साध्या सर्दीत कोमट पाण्यानं लवकर उरकावं. तापात बाळ मलूल असेल तर नुसतं पुसा. गार पाण्याच्या पट्ट्यांनी सगळं अंग ओलं करू नका. बाळ हुडहुडतं आणि ताप आणखी चढतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर आंघोळीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

रांगायला लागल्यावर आणि पुढं

बाळ रांगायला लागलं की माती, शेण, पडलेला घास सगळं हाताला आणि हातातून तोंडात जातं. तिथून पुढं आपल्याकडं रोज एक आंघोळ ठीक आहे, आणि हात दिवसातून कितीतरी वेळा साबणानं धुवायचे. सहा वर्षांवरच्या पोरांना थंडीत एखाद्या दिवशी आंघोळ चुकली तर काही बिघडत नाही. पण विहिरीत, पाटात किंवा नदीत पोहून आलं, उसात खेळून खाजत आलं, तर त्याच दिवशी स्वच्छ पाण्यानं धुवायलाच हवं. बोटांच्या बेचक्यांत रात्री खाज सुटत असेल तर ती खरूज असू शकते. आंघोळी वाढवून ती जात नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावं लागतं.

सात-आठ वर्षांचं मूल स्वतः आंघोळ करू लागलं की दोन तांबे पाणी ओतून बाहेर पळतं. पहिले काही महिने दाराबाहेरून आठवण करा. कानामागं, मान, काखा, जांघा, पायाची बोटं. गरम पाणी मात्र अजूनही तुम्हीच विसणून द्या.