नेट नसलं तरी सिम्युलेशन चालवा

ऐन तासाला नेट रांगतं आणि भौतिकशास्त्राचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा आभासी प्रयोग, अर्ध्यावर अडकतं. इंदुरात माझ्या अकरावीच्या वर्गात हे इतक्यांदा झालं, की आता मी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाच्या मोफत फाइली घरूनच पेनड्राइव्हवर नेते.

१. फेटच्या साइटवर एचटीएमएल५ प्रकारचं सिम्युलेशन उघडून डाउनलोड करा.
२. एकच फाइल उतरते. डबल क्लिक केलं की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते.
३. लंबकाचं सिम्युलेशन घेतलं असेल, तर लंबक सोडण्याआधी प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घ्या. ही पायरी अजिबात गाळू नका. १ मीटरचा लंबक पृथ्वीवर सुमारे २ सेकंदांत एक दोलन पूर्ण करतो, मग चंद्रावर? गुरुत्व साधारण एक षष्ठांश, म्हणून मुलं १२ सेकंद लिहितात. पडद्यावर दिसतात जवळपास ५! मागच्या बाकावरूनसुद्धा "असं कसं, मॅडम?" येतं, आणि दोलनाचा वेळ सहापट नाही, सहाच्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारे अडीचपट वाढतो हे शिकवायला तीच वेळ.

मात्र त्याआधी सुतळीला नट बांधून खरा लंबक एकदा हलवून दाखवाच. सिम्युलेशनमध्ये घर्षण शून्यावर असेल तर लंबक थांबतच नाही, आणि मुलांना तेच खरं वाटू लागतं.