एअर रायफल घ्यायची म्हणताय? आधी वॉशर कुठं मिळतंय ते विचारा

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडं कुणाला कळलं की ह्याला छर्‍याच्या बंदुकीतलं जरा समजतंय, की पहिला प्रश्न ठरलेला, "लई पॉवरची कुठली घेऊ? डुक्कर पडंल काय?" तेवढं आधी मिटवून टाकतो. पडत नाही. लायसन्सशिवाय मिळणार्‍या एअर रायफलचा छर्रा डुकराच्या कातडीत नाहीतर चरबीत अडकून बसतो, जनावर जखमी होऊन उसात शिरतं आणि दुसर्‍या दिवशी तिथं पाणी पाजायला जाणार कोण, तुमचाच माणूस. आणि शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे, मोरासारख्या पहिल्या शेड्यूलमधल्या, म्हणजे कायद्याच्या सगळ्यात कडक यादीतल्या पक्ष्याला मारलात तर कमीत कमी ३ वर्षं आत, ७ पर्यंत जाऊ शकतं. भीमगड अभयारण्य आपल्या खानापूर तालुक्यातच, तिथं परवानगीशिवाय हत्यार घेऊन नुसतं शिरणं सुद्धा गुन्हा, आणि त्या कायद्यातली हत्याराची व्याख्या इतकी रुंद आहे की छर्‍याची बंदूक त्यात आरामात बसते. भात-भुईमूग खाल्ला असेल तर फोटो काढा, वनखात्याच्या ऑफिसात नुकसानभरपाईचा अर्ज टाका, वेळखाऊ काम आहे पण रस्ता तोच.

मग रायफल कशाला? नेमबाजीला. परसात डबे उडवायला, १० मीटरवर कागदी टार्गेट मारायला, पोराला पुढं स्पर्धेत घालायचं असेल तर हात बसवायला. ह्यासाठी सुद्धा रायफल दणकट पाहिजे, नीट मारणारी पाहिजे आणि बिघडली तर इथल्या इथं दुरुस्त होणारी पाहिजे, आणि तिसर्‍या गोष्टीकडं दुकानात कुणी बघतच नाही.

पॉवरचं गणित एकदा समजून घ्या म्हणजे जाहिरातीला भुलणार नाही. आपल्याकडं लायसन्स न लागणारी एअरगन म्हणजे ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट १७७ इंच बोअर (नळीचं भोक) आणि जास्तीत जास्त २० ज्यूल एनर्जी. ह्याच्या वर गेलात, किंवा पॉइंट २२ बोअरची घेतलीत, तर लायसन्स लागतंय, कुणी "चालतंय हो, कोण बघतंय" म्हणालं तरी लागतंयच. साधा शिशाचा पेलेट, म्हणजे आपला छर्रा, ८ ग्रेनचा, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. तो सेकंदाला ७०० फुटांनी सुटला की साधारण १२ ज्यूल होतात, आणि २० ला पोचायला त्याला ९०० च्या वर जावं लागतं. आता डब्यावर १००० फूट, १२०० फूट असं छापलेलं असतंय ना, तो आकडा बहुतेक वेळा हलक्या अलॉयच्या पेलेटवर काढलेला असतो, तुमच्या शिशाच्या पेलेटवर तो येत नाही, आणि आला तरी आवाजाच्या वेगाजवळ पेलेट डगमगतो आणि नेम फाटतो. अभिनव बिंद्रानं २००८ ला बीजिंगमध्ये गोल्ड घेतलं ते १० मीटर एअर रायफललाच, आणि त्या प्रकारातल्या रायफलची एनर्जी ८ ज्यूलच्या आसपासच असते. त्यामुळं परसातल्या कामाला १०-१२ ज्यूल भरपूर झाले. जास्त पॉवर म्हणजे स्प्रिंग कडक, नळी मोडायला, म्हणजे जोडावर वाकवून लोड करायला, जोर जास्त, दणका जास्त, स्क्रू लवकर ढिले.

प्रकारात फार अडकू नका. पीसीपी म्हणजे टाकीत हवा भरायची, मारायला एकदम मऊ, नेम सुंदर, पण २०० बार दाबापर्यंत भरायला भारीतला पंप लागतो, आत ओ-रिंगा म्हणजे रबरी कड्या डझनभर, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेतलं पाणी पंपातून टाकीत जातं. सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसवर चालणारी, तिला सिलिंडर विकत आणत बसावं लागतंय. गॅस पिस्टनवाली, म्हणजे स्प्रिंगच्या जागी कोंडलेला गॅस असलेली, बरी, पण गॅस गेला की अख्खं युनिट बदला. देखभाल सोपी पाहिजे तर डोळे झाकून नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली घ्या, आत एक स्प्रिंग, एक पिस्टन, त्याच्या तोंडाला हवा अडवणारं एक वॉशर, संपलं. आधीच्या पिढीनं घेतलेल्या अशा बंदुका कितीतरी घरांत वॉशर-स्प्रिंग बदलून आजही चालतात, ती दणकटपणाची खरी परीक्षा.

दुकानात काय बघायचं ते सांगतो. नळी बंद करा, दस्ता मांडीवर घट्ट धरा, नळीचं टोक धरून डावी-उजवीकडं हलवा. जोडाजवळ केसभर जरी हललं तर ती बाजूला ठेवायची, कारण तिथं हललं की प्रत्येक गोळी वेगळीकडं. मग नळी मोडून जोडाजवळची रबरी रिंग बघा, चिरलेली-चपटलेली नको. मग त्या तोंडात पेलेट अंगठ्यानं दाबा, थोडासा अडून मग आत बसला पाहिजे, टपकन घसरून गेला तर बोअर मोठं नाहीतर पेलेट बारीक, दुसरा ब्रँड लावून बघा. आणि तिथंच सलग दहा-बारा वेळा लोड करून बघा, पण दर वेळी पेलेट घालून दुकानदाराच्या टार्गेटवर मारायचं, रिकामी सोडायची नाही. पहिल्या दोन वेळा कुणालाही जमतंय, दहाव्याला हात थरथरला तर ती रायफल तुमची नव्हे, मग ती कितीही पॉवरफुल असू दे. घरात पोरं किंवा बायकामाणसं पण मारणार असतील तर त्यांना सोबत घेऊनच जा. दस्ता लाकडी दिसायला झकास, पण कणकुंबी-लोंढ्याच्या पावसात फुगतो, तिकडं राहणार्‍यांनी फायबरचा घ्यावा, निपाणी-चिकोडीकडं लाकडी चालतंय.

आणि शेवटी दुकानदाराला थेट विचारा, स्प्रिंग, वॉशर, जोडाची रिंग ही तीन सामानं आत्ता तुझ्याकडं आहेत काय? "मागवून देतो" म्हणाला तर मागवेपर्यंत थांबा. सामान असेल तर रायफलबरोबरच एकेक जादा घेऊन टाका, नंतर कंपनी मॉडेल बंद करते आणि आपण कोल्हापूर-पुण्याला फोन लावत बसतो. इम्पोर्टेडच्या नादाला लागू नका हे माझं मत, देशी रायफलचं फिनिशिंग जरा रफ असंल पण पार्ट मिळतात.

देखभालीत एक नंबर नियम, रिकामी झाडायची नाही. पेलेट पुढं असतो म्हणून हवेचा दाब पिस्टनला शेवटी गादीसारखा झेलतो, पेलेटच नसेल तर पिस्टन सरळ लोखंडावर आपटतो, वॉशर फाटतं, स्प्रिंग तुटते. दुसरं, लोड करून तासभर ठेवू नका, स्प्रिंग बसते, आणि लोड केलेली बंदूक कोपर्‍यात उभी करणं हा वेगळाच धोका. तिसरं, तेल. वॉशर चामड्याचं असेल तर अधूनमधून एखाद-दुसरा थेंब सिलिकॉनचं तेल चालतंय. पण थ्री इन वन, मोटरचं तेल, डब्ल्यूडी फॉर्टी असलं काही हवेच्या छिद्रात घालाल तर दाबानं ते आत पेट घेतं, मोठा आवाज आणि धूर येतो, लोकांना वाटतं पॉवर वाढली, खरं तर वॉशर जळत असतंय. ही तेलं बाहेरच्या लोखंडाला पुसायला वापरा.

नेम अचानक खाली जायला लागला तर लगेच खोलत बसू नका. आधी दस्त्याचे स्क्रू आवळा, निम्मा त्रास तिथंच असतो. मग टिश्यू पेपरची बारीक पट्टी फाडून बंद नळीच्या जोडावर वरून ठेवा आणि पेलेट घालून मारा. पट्टी उडाली तर हवा जोडातून लीक, रिंग बदला, पाच मिनिटांचं काम. पट्टी जागची हलली नाही तर मात्र स्प्रिंग-वॉशरचं काम, आणि ती स्प्रिंग दाबात बसलेली असते, क्लॅम्पशिवाय खोललात तर तोंडावर येईल, ते जाणकाराकडंच द्या.

मिरगाच्या आधी नळीतून सुकं फडकं ओढून घ्या, बाहेरून तेलाचा हात फिरवा आणि रेक्झिनच्या कव्हरात बंद करून ठेवू नका, आत घाम धरतो आणि आठ दिवसांत गंज. सुती कापडात गुंडाळून माळ्यावर आडवी ठेवा, खाली पोरांच्या हाताला लागंल अशी नको.

दुर्बीण घ्यायची असेल तर एअरगनसाठीचीच घ्या, स्प्रिंगवालीचा झटका पुढं आणि मागं दोन्हीकडं बसतो, साधी दुर्बीण आतून खिळखिळी होते. नाहीतर नळीच्या टोकावरची नुसती माशी बघून मारा, १० मीटरला पुरतंय. धरताना आवळून नका धरू, पुढचा हात नुसता खाली टेकू म्हणून.

टार्गेटमागं चिर्‍याची भिंत नको, छर्रा उलटून डोळ्यात येतो. रद्दी गच्च भरलेला खोका, त्याच्या मागं वाळूचं पोतं, आणि मारणार्‍याच्या, शेजारी उभ्या असणार्‍याच्या डोळ्यावर चष्मा. पेलेट शिशाचे, मारून झालं की साबणानं हात धुवा, तोंडात धरायची सवय असेल तर सोडा.

बिल घ्या, त्यावर बोअर, एनर्जी आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि झेरॉक्स बंदुकीच्या पिशवीतच ठेवा. इलेक्शनच्या दिवसात बॉर्डरच्या चेकपोस्टवर गाडी उघडायला लावतात, तिथं उभं राहून "साहेब, छर्‍याची आहे" एवढंच सांगण्यापेक्षा कागद पुढं केलेला बरा पडतोय.