एलएस इंजिनमागे लावायला जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निवडताना

जुन्या गाडीत शेवरलेचं ५.३ किंवा ६.० लिटरचं एलएस इंजिन (आठ सिलिंडरच्या व्ही८ इंजिनांची मालिका) बसवायचं ठरलं, की अमेरिकेतल्या जंकयार्डात बहुधा दोन ऑटोमॅटिक गिअरबॉक्स समोर येतात: ४एल६०ई (पुढे नुसता ६०) आणि ४एल८०ई (पुढे नुसता ८०).

गाडी हलकी आणि इंजिन मूळ ताकदीचं असेल तर ६० पुरतो. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.०६, त्यामुळे गाडी जागेवरून चटकन उठते. टर्बो लावायचा असेल किंवा ट्रेलर ओढायचा असेल तर मात्र ८०च घ्या. पहिला गिअर २.४८, धूड मोठं, टनेल (गाडीच्या तळातला, गिअरबॉक्स बसतो तो उंचवटा) ठोकून रुंद करावा लागतो, योकही (मागचा शाफ्ट प्रॉपेलर शाफ्टला जोडणारा भाग) २७ ऐवजी ३२ दातांचं लागतं. तरी हा खर्च एकदाच होतो. ताण वाढला की ६० मध्ये तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच जळतो. सनशेल (आतल्या गिअरला फिरवणारं पत्र्याचं कवच) तुटलं तर दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही गिअर एकदम जातात.

ओळखायला पॅनचे (गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या ताटलीचे) बोल्ट मोजा: ६० ला १६, ८० ला १७. ज्या गाडीतून गिअरबॉक्स काढायचा तिच्या ग्लोव्हबॉक्समधल्या स्टिकरवर एम३० असेल तर ६०, एमटी१ असेल तर ८०. टू-व्हील ड्राइव्ह गाडीसाठी फोर-बाय-फोरचा गिअरबॉक्स घेऊ नका. मागचा शाफ्ट बदलायला तो पूर्ण खोलावा लागतो.

मीटरवरच्या मैलांपेक्षा पॅन जास्त खरं सांगतो. डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर पुसा. लालसर किंवा फिकट तपकिरी ऑइल चालेल. काळं आणि जळका वास असेल तर पुढे बघूच नका. गुलाबी दुधासारखं असेल तर रेडिएटरचं पाणी आत गेलंय, क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं. विक्रेता तयार असेल तर पॅन उघडा. पॅनमधल्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असणारच, तिला घाबरू नका. बोटांत चोळल्यावर कण टोचले, किंवा तळाशी पितळी चकाकी, काळे तुकडे दिसले, तर सोडून द्या.

गिअरबॉक्स एकटा आणू नका. कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा डबा), फ्लेक्सप्लेट (इंजिनच्या क्रँकशाफ्टला कन्व्हर्टर जोडणारी चकती), त्यांचे बोल्ट, डिपस्टिकची नळी आणि वायरिंगचा प्लग (कापताना हातभर वायर ठेवून), सगळं त्याच गाडीतून घ्या. ८० ला सपाट फ्लेक्सप्लेट आणि बहुतेक इंजिनांच्या क्रँकवर स्पेसर लागतो. ६० ची फ्लेक्सप्लेट त्याला चालत नाही. ८० मध्ये १९९७ पासून (गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या) कूलरची एक लाइन बरीच मागे गेली आहे, नळ्या त्याप्रमाणे वाकवा. जुना कूलर ठेवू नका, आधीच्या गिअरबॉक्सचा कचरा त्यात अडकलेला असतो.

१९९९ ते २००६ च्या पिकअपचा कॉम्प्युटर दोन्ही चालवू शकतो, पण प्रोग्रॅम त्या-त्या गिअरबॉक्सचा भरावा लागतो.

बसवताना कन्व्हर्टर हाताने आत दाबत फिरवा. तो टप्प्याटप्प्याने खट्‌ करत आत सरकतो. बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेच्या आकाराचं आवरण) इंजिनला टेकली की कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये ३ ते ५ मिलिमीटर फट उरली पाहिजे. फट नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, गिअरबॉक्सचा ऑइल पंप फुटेल. गिअरबॉक्स मागे घ्या आणि कन्व्हर्टर पुन्हा बसवा.