सिम्युलेशन लॅबमध्ये टीमवर्क शिकवताय? या चुका टाळा

सांगली-मिरज भागात परीक्षक म्हणून किंवा सराव घ्यायला कॉलेजांत जाते, तेव्हा मॅनिकिन (पेशंटच्या जागी ठेवलेला सरावाचा पुतळा) नवं असतं आणि चुका जुन्याच.

‘मॅडम, समजा दिलं’

समजा आयव्ही (शिरेतली सुई) लावली, समजा औषध दिलं, असं मुली नुसतं तोंडाने म्हणतात. एकटीच्या प्रॅक्टिकलला हे एक वेळ चालेल, टीमच्या सरावात मी चालू देत नाही. टीम लागते ती हात अपुरे पडतात म्हणून, आणि ‘समजा’ म्हटलं की हात कधी अपुरे पडतच नाहीत.

एका कॉलेजात सर्पदंशाचा प्रसंग ठेवला होता. ऊसतोड मजूर, रात्री खोपटात जमिनीवर झोपलेला, मण्यार चावलेली. दंशाची खूण धड दिसत नाही, पापण्या मिटायला लागलेल्या. पाच मुलींचा गट. ‘समजा प्रतिविषाच्या १० व्हायल (छोट्या बाटल्या) दिल्या’ असं म्हणत त्यांचा सराव झकास झाला होता. मी ट्रेमध्ये मुदत संपलेल्या खऱ्या व्हायल ठेवल्या. प्रतिविषाची पावडर असते. प्रत्येक व्हायलमध्ये १० मिली पाणी घालून ती हलक्या हाताने फिरवत विरघळवावी लागते. पहिल्या मुलीने खोकल्याच्या औषधासारखी ती खळाखळा हलवली. झाला फेस. दुसरी मदतीला धावली, मग तिसरी. चौथी झाकणं काढून द्यायला लागली. लीडर घड्याळाकडे बघत ‘लवकर गं, लवकर’ करत होती.

पेशंटकडे कोणीच नाही. मी मॉनिटरवर सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९४ वरून ८८ वर आणलं, मग ८० वर. अलार्म वाजायला लागला, तर एकीने हात लांबवून तो बंद केला!

मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) घेऊन उशाशी उभी असलेली मुलगी तिथे त्या १० व्हायलइतकीच महत्त्वाची. प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन आली तर लागणारं अ‍ॅड्रेनलीनही कोणी भरून ठेवलं नव्हतं.

माझी सवय सांगते. स्टोअरमधून मुदत संपलेली औषधं नोंद करून घेते, त्यावर ‘फक्त सरावासाठी’ लिहून लाल पट्टी मारते आणि सराव संपला की मोजून परत ठेवते. सरावात औषध खरंच काढायचं, वरच्या मजल्यावर फोन खरंच लावायचा. वेळ जातो, अशी तक्रार येते. जाऊ दे.

हवेत सोडलेली ऑर्डर

‘अ‍ॅड्रेनलीन द्या कोणीतरी.’ अशा वेळी एक तर कोणीच देत नाही, नाहीतर दोघी देतात. सीपीआरच्या (हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याच्या) सरावात पलंगाच्या दोन बाजूंनी दोघींनी डोस दिलेला मी पाहिलाय. किती गेलं विचारलं तर एकीचं उत्तर एक, दुसरीचं दोन, आणि नोंदीच्या कागदावर काहीच नाही.

नाव घ्या, डोस सांगा, तिच्या तोंडून तो परत ऐका. ‘प्राजक्ता, अ‍ॅड्रेनलीन १ मिलीग्रॅम आयव्ही.’ ‘अ‍ॅड्रेनलीन १ मिलीग्रॅम आयव्ही, देते.’ आणि दिल्यावर, ‘दिलं, १० वाजून ४ मिनिटं.’ मुलींना हे नाटकी वाटतं, हसू फुटतं. हसू द्या, पण सोडू नका.

बाकीच्या, थोडक्यात

मॉनिटरवर हृदयाची रेषा सपाट असेल तर शॉक देऊ नका. मालिकांमध्ये देतात म्हणून द्यायचा नसतो.

छाती दाबणारी मुलगी दर २ मिनिटांनी बदला. मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबताना दमायला होतंच. ‘मी अजून करू शकते’ हा हट्ट पेशंटच्या मुळावर येतो.

बॉम्बस्फोटाचे प्रसंग कशाला? आपल्याकडे फड आहेत, खंबाटकी घाट आहे, बाळंतपणातला रक्तस्राव आहे.

‘मॅडम, चेकलिस्टची पीडीएफ पाठवा ना’ म्हणणाऱ्यांना मी पाठवत नाही. आधी एकदा गोंधळ होऊ द्या. रील काढणाऱ्यांचे मोबाइल टेबलावर.

दर वेळी वर्गातल्या खणखणीत आवाजाच्या मुलीलाच लीडर करू नका. आणि गप्प मुली बोलतात का हेही बघा. मी कधीकधी प्रसंगात डॉक्टरची भूमिका करणाऱ्या सहकाऱ्याला मुद्दाम चुकीचा डोस सांगायला लावते. ‘सर, डोस परत सांगता का?’ एवढं म्हणायलाही काहींचा घसा कोरडा पडतो. अशी फसवणूक करावी का, यावर सहकाऱ्यांशी माझे वाद होतात. मी ती करते, पण नंतर लगेच सांगून टाकते.

चर्चेच्या जागी झाडाझडती

प्रसंग १० मिनिटांचा असेल तर नंतरचं बोलणं निदान २० मिनिटं हवं. तिथे पहिलं वाक्य ‘काय चुकलं सांगते’ असेल, तर पुढे फक्त माना खाली जातात. मी विचारते, ‘तुला तेव्हा काय दिसत होतं?’ अलार्म बंद करणारी म्हणाली, ‘मॅडम, त्या आवाजात व्हायल मोजता येईनात.’ म्हणजे तिचं काम तिच्या परीने चोखच होतं. अलार्म वाजला की मॉनिटर कोणी बघायचा, हे ठरवायचं लीडरकडून राहिलं होतं. ओरडले असते तर हे कळलंच नसतं.

मग त्याच दिवशी तोच प्रसंग पुन्हा घ्या, भूमिका बदलून. मघाशी ‘लवकर गं’ म्हणणारीला व्हायल विरघळवायला बसवा.